मास्तरांच्या हाताला मुंग्या

आमच्या मास्तरांना काही झालं की ते एकट्याला होत नाही, सगळ्या घराला होतं. शिंक त्यांना येते आणि खिडक्या मी लावत फिरते. त्यामुळे एका सकाळी ते दुकानातून आत आले आणि म्हणाले, "अगं, डाव्या हाताला मुंग्या आल्यात," तेव्हा मी आधी गॅस बंद केला आणि मग वळून पाहिलं. त्यांचं दुखणं ऐकायला उभं राहिलं की दूध उतू जातं, हे मला अनुभवाने ठाऊक आहे.

"आणि पोटात कळ येते," ते म्हणाले. "इथे, बेंबीच्या वर. कुणीतरी आवळून धरल्यासारखी."

"काय खाल्लंत?"

"तू दिलंस तेच."

झालं. म्हणजे चौकशीच्या पहिल्याच मिनिटाला आरोपी मी.

मास्तर म्हणजे माझा नवरा. शाळेतले मास्तर नव्हेत, शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार, मध्ये एक पडदा. पुरुषांचे कपडे शिवतात, आणि कोटासाठी लोक त्यांच्याकडे लांबून येतात. त्यांचा कोट रस्त्यात ओळखू येतो, कारण बाही खांद्याला जोडतात तो घेर, म्हणजे मुंढा, ते डाव्या बाजूला किंचित वर घेतात. त्यामुळे छातीवरचा खिसा ताठ बसतो. ही युक्ती त्यांच्या वस्तादांची. वस्तादांनी जाताना त्यांना तीन गोष्टी दिल्या: ही युक्ती, एक जड कात्री, आणि मेणकापडाची एक पिवळी टेप. कात्रीला घरात कुणी हात लावायचा नाही. टेप तर आंघोळीची वेळ सोडली तर मास्तरांच्या गळ्यातून उतरत नाही.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवते. मास्तर ट्रायल देत नाहीत. "ट्रायल शिकाऊ लोकांना लागते," असं ते म्हणतात. एकदा माप घेतलं, कापड कापलं, शिवलं, इस्त्री केली, न्या. कुणी तक्रार केलीच की कोट जरा आवळतो, तर मास्तर त्याला उभं करून वस्तादांच्या टेपने पुन्हा मोजतात. टेपवर अडतीस, कोटही अडतीसचाच. "कपडा घट्ट नाहीये," ते शांतपणे सांगतात, "तुम्ही वाकून चालता." मग तो माणूस छाती काढून चालू लागतो. गेल्या काही महिन्यांत आमच्या भागातले बरेचसे पुरुष कवायतीला निघाल्यासारखे चालत होते. मला वाटायचं, काळ सुधारला.

तर दुखणं. बातमी कळताच नणंदबाई आल्या. एकेकाळी त्या हॉस्पिटलात केसपेपर फाडायच्या खिडकीवर होत्या, तेव्हापासून अर्ध्या डॉक्टर आहेत. उरलेला अर्धा डॉक्टर त्यांच्या मते खऱ्या डॉक्टरांतही नसतो.

"हात आणि पोट एकाच वेळी," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "दादा, तुझी एक नस दोन्हीकडे नोकरी करतेय. खिडकीवर बसून मी असली माणसं फार पाहिली."

"मग? पुढे काय झालं त्यांचं?" मास्तरांनी घाबरून विचारलं.

"पुढचं मला दिसत नसे. ते आत जायचे."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "वहिनी, भाजीला तेल किती घालतेस गं?"

मी म्हटलं, "नस दोन ठिकाणी नोकरी करते, त्यात माझं तेल कुठे आलं?" पण वड्याचं तेल वांग्यावर काढायची या घराची जुनी रीत आहे. त्या दिवसापासून मास्तरांना बिनतेलाचं, बिनमिठाचं, उकडलेलं जेवण सुरू झालं. ते त्यांना आवडेना, आणि ते आवडत नाही याचाही राग माझ्यावर.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर भला माणूस, पण घाईतला. म्हणाले, "कपडे काढा." मास्तरांनी कोट काढला, वेस्टकोट काढला, शर्ट काढला, पँटचं वरचं बटण सोडलं आणि टेबलावर आडवे झाले. शिंप्याने स्वतः चांगलं घातलं नाही तर गिऱ्हाइकाने कुणाकडे बघायचं, म्हणून ते रोज सकाळी सगळा जामानिमा करूनच मशीनवर बसतात.

डॉक्टरांनी पोट दाबलं. "इथे दुखतं?"

"नाही."

"इथे?"

"नाही हो. आता तर बरं वाटतंय."

"हाताला मुंग्या?"

मास्तरांनी बोटं हलवून पाहिली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "गेल्या," ते म्हणाले. "डॉक्टर, काय हातगुण आहे हो तुमचा."

डॉक्टर खूश झाले. कुणाला आवडणार नाही? त्यांनी पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या, मास्तरांनी पुन्हा कपडे चढवले, आणि घराच्या वळणापर्यंत येईतो कळ परत आली. "हातगुण उतरला," मास्तर म्हणाले, आणि आम्ही तिथूनच परत फिरलो. डॉक्टरांनी पुन्हा कपडे काढायला लावले. पुन्हा बरं वाटलं.

शेवटी हॉस्पिटलात दाखल करून हृदयाची पट्टी काढली, सोनोग्राफी केली, रक्त तपासलं. तिथे त्यांना नाड्यांचा सैल झगा दिला होता. दोन दिवस मास्तर त्या झग्यात असे निवांत झोपले, की शेजारच्या खाटेवरच्याने तक्रार केली. सगळे रिपोर्ट चांगले आले. असं झालं की माणसाला आनंद होतो. आमच्या मास्तरांचा चेहरा पडला.

"म्हणजे मशीनलाही सापडत नाही," ते कोटाची बटणं लावता लावता म्हणाले. रिक्षात बसेपर्यंत त्यांचा हात बधिर झाला होता.

एव्हाना दुकानात दरबार भरू लागला होता. पोस्टमन यायचा आणि डावा हात झटकत बसायचा. त्यालाही मुंग्या. बेकरीवाला यायचा आणि पोट धरून बसायचा. त्यालाही कळ. दोघे ताठ बसायचे, मास्तर मध्ये ताठ बसायचे, आणि तिघे एकमेकांच्या दुखण्याची वर्णनं ऐकून मान डोलवायचे. पोस्टमन म्हणे पाणी खराब आहे. मास्तर म्हणे पाव. बेकरीवाला म्हणे पाव कसा असेल, पाणीच. नणंदबाईंना मात्र खात्री होती.

"पोस्टमन माझ्या हातचं जेवत नाही," मी म्हटलं.

"वास तर जातोच ना बाहेर," त्या म्हणाल्या.

मी पातेलं आपटलं. तेवढंच हातात होतं.

इथवर मला राग येत होता, काळजी नव्हती. काळजी आली ती एका दुपारी. मी चहा घेऊन पडद्याबाहेर गेले, तर मास्तर पांढऱ्या कापडावर हातशिलाई करत होते आणि कापडावर लाल ठिपके पडत होते. सुई त्यांच्या डाव्या बोटात रुतली होती, आणि त्यांना पत्ता नव्हता. मी ओरडले तेव्हा त्यांनी बोटाकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे.

"बघ," ते हळू म्हणाले. "मला कळलंच नाही."

मी बोट पदराखाली घट्ट धरून ठेवलं. मी घाबरले, हे सरळ सांगते. हा माणूस मला दिवसातून चार वेळा वैताग आणतो, पण तो पडद्यापलीकडे मशीन चालवतोय हा आवाज नसला तर मला घरात काम सुचत नाही. ते मशीन त्या दुपारी बंद होतं आणि मला घड्याळ ऐकू येत होतं.

"शिंप्याच्या बोटाला सुई कळत नाही, तर तो शिंपी कसला," मास्तर म्हणाले. "रविवारी जावईबापूंना बोलव. कात्री आणि दुकानाची किल्ली त्यांच्या हवाली करतो."

जावईबापू मोबाईलची कव्हरं विकतात. चांगला मुलगा आहे, पण मास्तरांच्या मनातून तो लग्नातच उतरला होता, कारण तो तयार कपडे घालतो. दुकानातून आणलेले, पिशवीतून काढलेले, खांदे कुठेही उतरलेले. शिंप्याचा जावई आणि अंगात पोत्यासारखा टी-शर्ट. मास्तर त्याच्याशी बोलताना त्याच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघतात. बिचाऱ्याने त्यांचं मन जिंकायला सासऱ्यांच्या साठीला कापड कापायचं नवं टेबल दिलं होतं, कडेला स्टीलची मापाची पट्टी बसवलेलं. मास्तरांनी आधी नाक मुरडलं. पण डोळे अधू झालेले, जुन्या टेपवरच्या रेघा कापडावर धरून दिसायच्या नाहीत. हळूहळू ते माणसाला टेपने मोजू लागले आणि कापड टेबलाच्या पट्टीवर. त्या टेबलावर त्यांनी सगळ्यात आधी स्वतःसाठी कपडे कापले, ते हेच, रोज अंगावर चढवतात ते.

रविवारी जावईबापू आले. लेकीला सुट्टी नव्हती, एकटेच. मी रागाने नेहमीसारखा स्वयंपाक केला होता, तेलाचा, मिठाचा, तिखटाचा. मास्तरांसमोर उकडलेलं. जावईबापूंनी दोनदा वाढून घेतलं, तिसऱ्यांदा स्वतःच घेतलं, आणि समाधानाने ढेकर दिली. नणंदबाई त्यांच्याकडे मायेने बघत म्हणाल्या, "जपून हं. वहिनीच्या जेवणाने काय होतं ते बघताय ना."

तेव्हा माझं डोकं फिरलं.

"काय होतं?" मी म्हटलं. "बोला ना, काय होतं? हा मुलगा लग्नापासून इथे आला की दोघांचं जेवतो. याचा हात बधिर आहे? जावईबापू, हात वर करा."

जावईबापूंनी घाबरून दोन्ही हात वर केले. टी-शर्ट बेंबीपर्यंत वर गेला. माणूस ठणठणीत होता.

"त्याचं वय लहान आहे," नणंदबाई म्हणाल्या.

"आणि बेकरीवाल्याचं? पोस्टमनचं? ते कुठे जेवतात इथे?"

तेवढ्यात दाराशी डॉक्टर उभे दिसले. मास्तरांना बघायला आले असतील असं मला वाटलं, पण ते आत येऊन दार लोटून घेऊन म्हणाले, "मास्तर, एक खासगी बोलायचं होतं. दवाखान्यात कुणाला कळायला नको." त्यांनी डावा हात उजव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला. "मलाही होतंय. आणि पोटात कळ."

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. "डॉक्टर, माझं लागलं तुम्हाला."

नणंदबाई हळूच खुर्ची मागे सरकवून बसल्या. मी डॉक्टरांकडे बघत होते. अंगात नवा करकरीत कोट. मास्तरांनी शिवलेला, डावा मुंढा वर चढवलेला. हातगुणाचा बोलबाला होऊन दवाखाना भरू लागला, तेव्हा डॉक्टरांनी तो हौसेने करून घेतला होता. पोस्टमनचा गणवेश आमच्याकडचा. बेकरीवाल्याने मेव्हण्याच्या लग्नासाठी सूट शिवलेला, तो वसूल करायला रोज संध्याकाळी घालून फिरतो. आणि माझ्यासमोर पोत्यासारख्या टी-शर्टातला जावई, सगळ्यात निरोगी.

"डॉक्टर," मी म्हटलं, "कपडे काढा."

"काय?"

"तुम्ही सगळ्यांना सांगता ना? कोट काढा. आणि पट्टा सैल करा."

डॉक्टर इतके चकित झाले की त्यांनी काढला. मी विचारलं, "आता?" त्यांनी बोटं हलवली. "कमी वाटतंय," ते म्हणाले. "बरंच कमी."

"घाला."

त्यांनी घातला. थोडा वेळ गेला. "पुन्हा आल्या मुंग्या."

"काढा."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. ही म्हण ज्याने केली, त्याच्या अंगात मास्तरांचाच कोट असणार.

मास्तर उठून उभे राहिले. मला वाटलं आनंद होईल, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "म्हणजे माझी शिलाई माणसांना आजारी पाडते, असं म्हणायचंय तुला?" त्यांनी गळ्यातली टेप झटका देऊन काढली, डॉक्टरांच्या छातीभोवती ओढली आणि आकडा सगळ्यांना दाखवला. "अडतीस. कोट अडतीसचा आहे. टेबलावर मोजून कापलाय."

जावईबापूंनी कोट उचलून टेबलावर पसरला, पट्टीला लावला. "बरोबर आहे बाबा. अडतीस."

"मग?"

जावईबापूंना काही बोलायचं नव्हतं. त्यांना फक्त मदत करायची होती. त्यांनी मास्तरांच्या हातातली टेप घेतली आणि ती पट्टीशेजारी सरळ ठेवली. टेपवरचा अडतीस पट्टीवरच्या चाळिसापाशी जाऊन टेकला.

"तुमचं टेबल चुकीचं आहे," मास्तर लगेच म्हणाले. "स्वस्तातलं आणलंत."

डॉक्टरांनी बॅगेतून बाळांचं डोकं मोजायची टेप काढली. ती छोटी, पण पट्टीशी रेघेला रेघ जुळली. मग वस्तादांच्या टेपशी ठेवली. जुळली नाही. एवढी वर्षं रोज ओढून ओढून, झटके देऊन देऊन ती टेप ताणली गेली होती. जोवर माणूस आणि कापड दोन्ही तिनेच मोजली जात होती, तोवर तिचं खोटं तिच्यातच जिरत होतं. टेबल आलं आणि कपडा अंगापेक्षा दोन इंचांनी कमी पडायला लागला.

मास्तर खुर्चीत बसले. त्यांनी कोट काढला, वेस्टकोट काढला, पँटचं बटण सोडलं आणि एक मोठा श्वास घेतला. गेल्या कित्येक दिवसांत मी त्यांचा असा श्वास ऐकला नव्हता. बोटं हलवून पाहिली, मग समोरची सुई उचलून डाव्या अंगठ्याला हळूच टोचली.

"आई गं," ते म्हणाले.

मला रडू आलं. नणंदबाईंना वाटलं मी जेवणावरून रडतेय, आणि त्यांनी कधी नव्हे ते माझ्या पाठीवर हात ठेवला. जावईबापूंनी कात्रीकडे एकदा पाहिलं आणि कपाळावरचा घाम पुसला. "मग मी नाही घ्यायची ना ही?" त्यांनी विचारलं. "मला ती बघूनच भीती वाटते बाबा. नाही म्हणता येईना म्हणून आलो." मास्तरांनी लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, भिंतीकडे नाही. कात्री पुन्हा खिळ्याला टांगली.

पुढचे दिवस मास्तर नुसते उसवत होते. नशीब, शिवणीच्या आत दोन बोटं जास्तीचं कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात, आणि ती मास्तर सगळ्यांच्याच कपड्यांत भरपूर ठेवतात. पोस्टमन सैल झाला, बेकरीवाला सैल झाला, डॉक्टर सैल झाले आणि त्यांचा हातगुण गेला. ते त्यांना थोडं लागलं. माझ्या भाजीत तेल परत आलं. नणंदबाई म्हणाल्या की त्यांना शिलाईचाच संशय होता.

मास्तरांनी नवी टेप आणली आणि तिथे गाडं पुन्हा अडलं. नव्या टेपने मोजलं तर बेकरीवाल्याची कंबर एकदम दोन इंचांनी वाढली. तो नाराज होऊन उठला. पोस्टमनने तर तोंडावर सांगितलं, "ही टेप बरोबर नाही. जुनीने घ्या." गावाला कपडे सैल हवे होते, आकडा जुनाच हवा होता. मास्तर दोन दिवस जेवले नाहीत. तत्त्वाचा प्रश्न होता.

मीच तोड काढली. आता मास्तर वस्तादांच्या टेपने माप घेतात आणि मोठ्याने आकडा सांगतात. गिऱ्हाईक खूश होऊन पोट आत घेतं. पडद्यामागे मी ऐकते आणि चिठ्ठीवर दोन वाढवून लिहिते. कापड पट्टीवर कापलं जातं. ट्रायल अजूनही नाही.

मागच्या आठवड्यात मास्तर स्वतःहून म्हणाले, "थंडी येतेय. तुला एक कोट शिवतो." इतक्या वर्षांत बायकांचं त्यांनी काही शिवलं नव्हतं. मी टेबलापाशी उभी राहिले. खिळ्याला दोन्ही टेप टांगलेल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात जुनीकडे गेला. माझ्या कमरेभोवती ती ओढली आणि आकडा सांगितला. माझ्या लग्नातला आकडा होता तो.

"खोटं बोलतेय ती," मी म्हटलं.

"वस्तादांची टेप आहे," ते म्हणाले. "तिला उलट बोलू नये."

चिठ्ठी माझ्याच हातात होती. मी तो आकडा लिहिला, वाढवला मात्र नाही, म्हटलं बघू. कोट काल घातला. कुठेही आवळत नाही, दोन्ही हात वर जातात. चिठ्ठी टेबलावर तशीच घडीत होती, त्यांनी वाचलीच नव्हती.